कल्हई केलेले रिव्हॉल्व्हर

मध्य भारत राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आधीच्या चतुर्थीला, उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये माझ्या काकूने काकांच्या रिव्हॉल्व्हरला कल्हई करून घेतली. मी तेव्हा इंदूरच्या एका दैनिकाला उज्जैनच्या बातम्या पाठवत असे आणि काका-काकूंकडे राहत असे. घटना घडली त्या वेळी मी ओसरीवर बसून पाण्याच्या नळांविषयी लिहीत होतो. नळांची बातमी छापून आली. ही आली नाही, कारण बातमीदाराने स्वतःच्या घरातले लिहायचे नसते. ते दैनिक बंद पडूनही आता बरीच वर्षे झाली, तेव्हा लिहायला हरकत नसावी.

रिव्हॉल्व्हर विलायती, सहा गोळ्यांचे, निकेलचा मुलामा दिलेले होते. काकांच्या वडिलांनी ग्वाल्हेर संस्थानात खजिन्याच्या बंदोबस्ताची नोकरी केली आणि निवृत्त होताना त्यांना ते मिळाले. त्यांच्यामागे ते परवान्यासकट काकांकडे आले. काका स्वतः सुभ्याच्या कचेरीत होते. नवे राज्य झाले तेव्हा दोन संस्थानांच्या कचेऱ्या एक झाल्या, एका खुर्चीला दोन माणसे झाली आणि काकांना वेळेआधी पेन्शन मिळाली.

त्या रिव्हॉल्व्हरमधून कोणी गोळी झाडल्याचे घरात कोणाला आठवत नव्हते. त्याला वर्षातून एकदाच काम असे. खंडेनवमीला घरातली हत्यारे देवघरासमोर पाटावर मांडली जात: एक तलवार, एक कट्यार, विळी, काकूच्या शिवणयंत्राची सुईची डबी, आणि मध्यभागी रिव्हॉल्व्हर. दरबारच्या नोकरीतल्या आमच्यासारख्या मराठी घरांत शस्त्राला देवासारखे पंचामृताने स्नान घालायची रीत होती. दूध, दही, तूप, मध, साखर. तलवारीला त्याने काही होत नाही, पुसली की झाले. रिव्हॉल्व्हरला आतही जागा असते, ही गोष्ट इतक्या वर्षांत कोणी मनावर घेतली नव्हती. वरून पुसायचे, कुंकू लावायचे, मखमलीच्या डबीत ठेवून द्यायचे. पूजेतल्या वस्तूशी खेळायचे नाही असा काकांच्या आईचा दंडक होता, म्हणून चाप ओढून पाहण्याचा किंवा गोळ्या भरायची चरखी फिरवून पाहण्याचा प्रश्नच आला नाही.

त्या वर्षी हुकूम आला. संस्थाने गेली होती, त्यांचे परवानेही जायचे होते. ज्यांना नवा परवाना हवा असेल त्यांनी हत्यार कोठीवरच्या, म्हणजे जुन्या राजवाड्यातल्या, कचेरीत आणून चालू स्थितीत दाखवावे. चालत नसेल ते मालखान्यात जमा होईल. काकांना षष्ठीचा दिवस मिळाला.

काकांनी डबी उघडली. मुलामा जागोजागी सुटला होता आणि खालचे काळे लोखंड दिसत होते. तेवढे खपले असते. पण चरखी फिरत नव्हती. काकांनी ती अंगठ्याने रेटली, मग दोन्ही अंगठ्यांनी, मग पाटावर बसून गुडघ्यांत धरून. प्रवासातल्या फिरकीच्या तांब्याचे झाकण बसते तशी ती बसली होती. गंज आहे, असे काकांनी जाहीर केले.

इंदूरला एक दुकान होते, ते अशा वस्तू उघडून, साफ करून, नवे निकेल चढवून देई. अडचण परवान्याची होती. त्यावर छापले होते की हत्यार संस्थानच्या हद्दीबाहेर नेऊ नये. उज्जैन ग्वाल्हेरच्या हद्दीत, इंदूर होळकरांच्या. आता दोन्ही हद्दी पुसल्या गेल्या होत्या आणि परवाना तसाच होता. काकांनी कचेरीत जाऊन विचारले. एका कारकुनाने सांगितले की हद्दच उरली नाही तर बाहेर काय जाणार, खुशाल न्या. शेजारच्या टेबलावरच्याने सांगितले की हद्दच उरली नाही तर घराबाहेरही काढू नका. काकांना दुसऱ्याचे म्हणणे अधिक कायदेशीर वाटले.

मग घरीच सफाई सुरू झाली. काकांनी राखेने घासले, चिंचेने घासले, विटेची भुकटी लावली. दर वेळी मुलामा थोडा जास्त निघाला आणि चरखी होती तिथेच राहिली. जेवताना ते रिव्हॉल्व्हर पानाशेजारी ठेवून त्याच्याकडे बघत. काकूने एकदा वरण निवतंय म्हणून सांगितले, दुसऱ्यांदा सांगितले, आणि तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी स्वतःच काहीतरी ठरवले.

तिचा विचार सरळ होता. घरात ज्या भांड्याचा पांढरा थर गेला त्याला दसऱ्याआधी कल्हई होत असे. या वस्तूचाही पांढरा थरच गेला होता.

चतुर्थीला कल्हईवाला आला आणि अंगणात त्याने नेहमीची भट्टी मांडली. काका तिसऱ्या कारकुनाचे मत घ्यायला कोठीवर गेले होते. काकूने शिवणयंत्राच्या पेचकसाने मुठीच्या लाकडी फळ्या काढल्या. गोळ्या काकांच्या ट्रंकेत होत्या आणि ट्रंकेची किल्ली काकांच्या जानव्याला होती, तरीही तिने रिव्हॉल्व्हर उन्हाकडे धरून पाहिले. सहाही घरांतून आभाळ दिसले. मग तिने ते पातेल्यांच्या रांगेत ठेवून दिले.

कल्हईवाल्याने ते उलटेपालटे केले. "बाईसाब, यो कंई है?"

"बर्तनच समझो भैया."

त्याने मालवीत विचारले की आतूनही करायची की बाहेरूनच. पातेल्याला कल्हई आतूनच करतात, म्हणून काकूने आतूनही करायला सांगितले.

तो भाता मारू लागला. नवसागराचा पांढरा धूर उठला, तो ओळखीचा होता. त्याच्यामागून दुसरा वास आला, तो कोणाच्याच ओळखीचा नव्हता. पाक करपावा आणि त्यात तूप जळावे तसा. शेजारच्या वहिनी कुंपणावरून डोकावल्या आणि आज काय गोड केलंय म्हणून विचारू लागल्या. काकू म्हणाली, काही नाही, यांचं रिव्हॉल्व्हर. वहिनी म्हणाल्या, वास छान आहे.

कल्हईवाल्याने कथलाची कांडी फिरवली, कापसाच्या बोळ्याने पुसले, पाण्यात बुडवले आणि वर काढले. रिव्हॉल्व्हर नळीपासून मुठीपर्यंत चांदीचे झाले होते. "देख लो बाईसाब, मूंडो दीखे." काकूने तोंड पाहिले आणि नाक मोठं दिसतंय असे सांगितले.

काका परत आले तेव्हा भांडी ओळीने उन्हात वाळत होती. मोठे पातेले, तपेली, परात, गंज, आणि गंजाशेजारी रिव्हॉल्व्हर. ते पायरीवर बसले. चपला काढायच्या राहिल्या.

"अगं, हे काय?"

"कल्हई."

काकांनी ते हातात घेतले. चरखी फिरत नव्हती. आता घोडाही उठत नव्हता आणि चापही हलत नव्हता, कारण सगळ्या फटी कथलाने भरल्या होत्या आणि रिव्हॉल्व्हर एकसंध झाले होते. काकांनी सावकाश सांगितले की हे आता रिव्हॉल्व्हर नाही, रिव्हॉल्व्हरच्या आकाराचं भांडं आहे, आणि यात फार तर कढी ठेवता येईल. ते चिडून बोलले होते, पण काकूला कढीने हसू फुटले. तिने तोंडाला पदर लावला. त्याने हसू वाढले. मी कागदात डोके घातले. वहिनी अजून कुंपणाजवळ होत्या. त्यांना विषय कळला नव्हता, पण त्याही हसू लागल्या. कल्हईवाला आपले सामान आवरताना म्हणाला की आंबट ठेवलं तरी कळकणार नाही, आणि मग काकूला खाली बसावेच लागले.

काका हसले नाहीत. ते चपला काढून आत गेले. काकू त्यांच्या मागोमाग गेली, आणि त्यांचे बोलणे ओसरीवर ऐकू आले.

"बाबांनी जन्म काढला त्या नोकरीत," काका म्हणाले. "पगडी गेली, कचेरी गेली, शिक्का बदलला. त्यांच्या नोकरीचं घरात एवढंच उरलंय. परवा ते मालखान्यातल्या पोत्यात पडणार."

काकूचे हसू थांबले. त्या दिवशी ती पुन्हा हसली नाही.

पंचमीला सकाळी तिने चहा केला आणि चहाचे आधण उतरवल्यावर सिगडी तशीच फुललेली ठेवली. ती म्हणाली की रिकामे पातेले विस्तवावर राहिले की कल्हई पळते, हे तिला पक्के माहीत आहे, कारण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून तसे झाले होते आणि सासूबाईंनी त्यावरून पुढचे वर्षभर ऐकवले होते. पातेल्याची पळते तर याचीही पळेल.

काकांनी विचारले, म्हणजे पुन्हा विस्तवावर ठेवायचं?

"काल जाऊन आलंय ना," काकू म्हणाली, "त्याला वाट माहीत आहे."

काकांकडे दुसरा उपाय नव्हता. त्यांनी धोतर खोचले, आणि शस्त्राला हात लावायचा म्हणून उघड्या अंगावरही डोक्याला टोपी घातली. काकूने सांडशीत रिव्हॉल्व्हर धरले. मला पंख्याने निखारे फुलवायला सांगितले होते. भैरवगढी छापाच्या जुन्या चादरीचा फाडलेला तुकडा काकांच्या हातात होता. थोड्या वेळाने नळीच्या टोकाशी एक चकचकीत थेंब जमला आणि राखेत पडला. मग दुसरा.

"पुसा," काकू म्हणाली.

काकांनी पुसले. लाल-काळ्या फुलांवर चांदीचा पट्टा उमटला. काकूने रिव्हॉल्व्हर फिरवले, काकांनी पुन्हा पुसले. काकू त्यांना इकडून, तिकडून, चापाखालून असे सांगत होती आणि सुभ्याच्या कचेरीत ज्यांनी अर्धे आयुष्य हुकूम लिहून काढले ते काका होय, होय म्हणत होते. चादरीचा तुकडा शेवटी जरीचा दिसू लागला.

कथील गेले तरी चरखी हलेना. तेव्हा काकूने रिव्हॉल्व्हर गार होऊ दिले आणि धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळायला ठेवले. पाणी तपकिरी झाले, मग काळे. वर तवंग आला. कालचा तो गोड, करपट वास पुन्हा सुटला. काकू पळीने ढवळत होती. पळीत काहीतरी आले, ते तिने बाजूला काढून पाहिले. तांदळाचा काळा पडलेला दाणा होता. त्याच्यामागून आणखी दोन आले. अक्षता होत्या.

काका पळीकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, डोके खाजवले, टोपी परत घातली. "गंज नव्हता," ते म्हणाले.

"नाही," काकू म्हणाली. "प्रसाद होता."

तिथून पुढे घराचा ताबा सुटला. कल्हईच्या विस्तवाने आणि आजच्या विस्तवाने आतला मध, साखर, तूप जळून कोळसा झाला होता आणि सोड्याच्या पाण्याने तो कोळसा सुटत होता. आधी चिंच-राखेने जे झाले नसते ते काकूच्या चुकीने अर्धे करून ठेवले होते. आम्ही ते रॉकेलमध्ये बुडवले, कुंचल्याने घासले, सुईला चिंधी गुंडाळून फटी कोरल्या आणि शेवटी शिवणयंत्राचे तेल सोडले. काकांनी चाप ओढला. घोडा उठला, चरखी एक घर सरकली आणि टक् असा आवाज झाला.

काकांनी पुन्हा चाप ओढला. टक्. मग त्यांनी तो ओढतच ठेवला. काकूच्या कानाशी नेऊन ओढला, मला ऐकवला, ओसरीवर जाऊन ओढला, परत आत येऊन देवघरासमोर ओढला. बाबांच्या वेळीसुद्धा मी हा आवाज ऐकला नव्हता, असे ते सांगत होते, आणि सांगता सांगता हसत होते. आदल्या दिवशीची कढी त्यांना आत्ता पोचली होती. काकू म्हणाली, अहो पुरे, झिजेल. त्यावर ते पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले.

दिसायला ते वाईट झाले होते. निकेल जवळजवळ सगळे गेले होते, लोखंड राखाडी पडले होते, आणि खाचाखोचांत कथील उरले होते, बर्फीला वर्ख चिकटतो तसे.

षष्ठीला मी काकांबरोबर कोठीवर गेलो. व्हरांड्यात बाकांवर जुन्या संस्थानी नोकरीतली मंडळी बसली होती, बहुतेक मराठी, अंगात बंद गळ्याचे कोट, मांडीवर मखमलीच्या डब्या. प्रत्येकाने आपली डबी थोडी उघडी ठेवली होती, शेजारच्याला चमक दिसावी म्हणून. काकांनी आपली बंद ठेवली. त्यांच्यापुढे शेजारच्या वहिनींचे सासरे होते. ते रिसाल्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा मुलामा शाबूत होता.

अधिकारी तरुण होता, उत्तरेकडून आलेला. त्याने वहिनींच्या सासऱ्यांना चाप ओढायला सांगितला. ते ओढू लागले. त्यांचा चेहरा लाल झाला. चाप हलला नाही.

"जाम है," अधिकारी म्हणाला.

सासरेबुवांनी मान ताठ केली. "साहब, हम इसे चलाते नहीं हैं. पूजते हैं."

अधिकाऱ्याने कागदावर काहीतरी लिहिले. त्यांच्या आधीच्या दोघांच्या बाबतीतही त्याने तेच लिहिले असावे, कारण ते दोघे रिकाम्या हातांनी बाकावर बसून होते आणि त्यांच्या डब्या टेबलाच्या पलीकडे होत्या.

काकांनी डबी उघडली. व्हरांड्यात कुजबूज झाली. वहिनींच्या सासऱ्यांनी त्या राखाडी वस्तूकडे पाहून नजर दुसरीकडे वळवली, सभ्यपणाने. अधिकाऱ्याने ती दोन बोटांनी उचलली, उन्हाकडे धरून रिकामी असल्याचे पाहिले आणि चाप ओढला. टक्. त्याने भुवया वर केल्या. टक्, टक्, टक्. त्याने पूर्ण फेरी केली आणि आणखी एक केली. त्यालाही तो आवाज आवडला असावा.

"किसने साफ़ की?"

काकांना खोटे बोलता येत नसे आणि खरे बोलायची लाज वाटत होती. त्यांनी कचेरीतल्या जुन्या आवाजात, एकेक टप्पा वेगळा करून सांगितले. "घर पर. पहले कलई कराई. फिर सिगड़ी पर कलई उतारी. फिर उबाली."

ही थट्टा आहे का म्हणून अधिकाऱ्याने काकांकडे निरखून पाहिले. त्यांचा चेहरा गंभीर होता. त्याने मान हलवली, शिक्का मारला, आणि बाकीच्यांना सांगितले की अष्टमीपर्यंत मुदत देतो, आपणही असेच साफ करून आणा. डब्या परत केल्या.

सप्तमीला सकाळी आमच्या अंगणात सगळे जमले, बंद गळ्याचे कोट घालून. काकूने पदर खोचून सिगडी पेटवली आणि पहिला हुकूम दिला की ज्यांच्या खिशात गोळ्या असतील त्यांनी घरी ठेवून या. एक जण गेला. काकांनी प्रत्येकाचे हत्यार उन्हाकडे धरून आरपार पाहिले आणि मगच काकूकडे दिले. ते कोणाच्याही आधी उठले होते आणि टोपी घालून तयार होते.

खरा घोळ पुढे झाला. काकूने सांगितले की नुसते तापवून सोड्यात उकळले की पुरे, कल्हईची गरज नाही, ती माझ्या हातून चुकून झाली. हे कोणी मानेना. वहिनींच्या सासऱ्यांनी तिला समजावले की साहेबांसमोर क्रम सांगितला गेला आहे, आधी कल्हई, मग उतरवणे, आणि त्याच क्रमाला साहेबांनी मान हलवली आहे. मधला टप्पा गाळला आणि उद्या कोणी विचारले तर काय सांगायचे? बाकीच्यांनी होकार दिला. काकू काकांकडे बघू लागली. काका म्हणाले, तसं पाहिलं तर बरोबर आहे.

माणूस पाठवून कल्हईवाल्याला बोलावले. त्याने अंगणभर मांडलेली हत्यारे पाहिली. "बाईसाब," तो म्हणाला, "आज तो घणा बर्तन है." मग तो एका बाजूला कल्हई चढवत होता आणि दुसऱ्या बाजूला काकू ती उतरवत होती. मध्ये निवृत्त मंडळी सांडश्या घेऊन रांगेत उभी होती. फ्रीगंजमध्ये करपलेल्या पंचामृताचा वास पसरला. वहिनींनी पोहे पाठवले. एका पातेल्यात तुळशीचे पान सापडले, एकात आख्खी लवंग. लवंग कोणाच्या घरची यावर वाद झाला, कारण पंचामृतात लवंग घालतच नाहीत. टक् असा आवाज झाला की सगळे काम थांबवून त्या दिशेने बघत आणि ज्याचे हत्यार चालले तो ते घेऊन अंगणभर फिरे. वहिनींच्या सासऱ्यांचे शेवटी चालले. ते सत्तरीचे होते. त्यांनी ते सुनेला ऐकवायला कुंपणापर्यंत पळत नेले.

अष्टमीला सगळ्यांचे परवाने झाले.

नवमीला काकूने नेहमीप्रमाणे पाट मांडला. तलवार, कट्यार, विळी, सुईची डबी, आणि मध्यभागी ते राखाडी, ठिपकेदार रिव्हॉल्व्हर. ती पंचामृताची वाटी घेऊन बसली आणि थबकली. काका सोवळ्यात समोर होते. त्यांनीही वाटीकडे पाहिले. रीत मोडायची दोघांचीही तयारी नव्हती.

काकू उठली, फडताळातून एक सुपारी आणली आणि रिव्हॉल्व्हरशेजारी तांदळावर ठेवली. जिथे मूर्ती नसते तिथे आमच्याकडे सुपारीलाच देव मानतात, तेव्हा शस्त्राच्या वतीने सुपारीला स्नान घालायला शास्त्राची हरकत नसावी, असे तिचे म्हणणे पडले. काकांनी ते मान्य केले. दूध, दही, तूप, मध आणि साखर सुपारीवर पडली. रिव्हॉल्व्हरला एक झेंडूचे फूल मिळाले.

आरती झाली. काकांनी फूल बाजूला ठेवले, आईचा दंडक मोडून रिव्हॉल्व्हर पाटावरून उचलले आणि चाप ओढला. टक्. काकूने पदराला हात पुसले आणि हात पुढे केला.

"द्या इकडे."

तिने ते दोन्ही हातांनी धरले, रिकाम्या भिंतीकडे, आणि चाप ओढला. मग ती ऐकत उभी राहिली, कारण कुंपणापलीकडून, वहिनींच्या घरातून, तसाच आवाज आला होता.